इतिहासाच्या कपाटातला कापूस

थंडीचे स्वेटर काढताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि धुळ्याच्या कॉलेजचं ग्रंथालय आठवलं. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी होते. खानदेशातल्या कापसाच्या जुन्या वाणांवरचं पुस्तक मला हवं होतं, पण ते इतिहासाच्या काचेच्या कपाटात होतं.

"अगं, कापूस झाडाला लागतो ना? मग तुमच्या विभागात शोध," इतिहासाचे सर किल्ल्या खुळखुळवत म्हणाले. "दुसऱ्या शाखेला पुस्तकं वाटत बसलो, तर शिस्त काय राहील?"

तेव्हा मी त्या रुबाबाला घाबरले होते. आता त्याची किळस येते. सर निवृत्त झाले तेव्हा कुठे ते कपाट उघडलं. पुस्तकांचे पुठ्ठे ऐटीत उभे होते, आत नुसती माती होती. वाळवीला कुणी शाखा विचारली नव्हती.