घर बघायला पाच बायका

लोधीपुऱ्यातल्या प्रतिभामावशी मोबाइलवरच्या नोकरीच्या जाहिराती स्थळासारख्या पारखतात. त्यांच्या शिकवणीला येणारी एक मुलगी अशाच जाहिरातीमागे गेली ती परतलीच नाही, तेव्हापासून. मालक खरा निघाला तर मावशी इस्त्रीची साडी नेसून खरोखर चहाला जातात.

वस्तीतल्या लीलाची लेक गायत्री कविता नावाच्या मैत्रिणीसोबत अशाच एका जाहिरातीवरून सुरतला निघाली होती. ब्यूटी पार्लरचं काम, राहणं-खाणं फुकट. लीलानं नको म्हटलं, पण लेक ऐकेना. शेवटी लीलानं तिला मावशींकडे आणलं.

"चौकशी करा, पण उगाच खोडा घालू नका हं," गायत्री फणकारली.

"खोडा कशाला? पोरगी पाठवायची तर घर नको बघायला?" मावशींनी जाहिरातीतल्या नंबरवर स्पीकर लावून फोन केला. "भैया, लड़की की मौसी बोल रही हूँ. हम पाँच औरतें आएँगी. कमरा देखेंगे, तुम्हारी माँ से मिलेंगे."

"घरवाले नहीं चलेंगे. लड़कियाँ अकेली आएँगी."

"अरे, चाय तो पिलाओगे?"

फोन कट झाला. पुन्हा लावला, तर बंद. मावशींनी चष्मा सारखा करून जाहिरातीची तक्रार केली आणि नंबर पोलिसांना कळवला.

"झालं समाधान?" गायत्री रडवेली होऊन म्हणाली. लीलानं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. गायत्रीनं स्वतःच्या मोबाइलवरून तो नंबर लावून पाहिला; बंदच. मग तिनं कविताला फोन लावला.

"कविता, बॅग भरू नको. का म्हणजे? आधी आपल्या मावशी घर बघतात."