पंखाचा नागोबा

शेवटची भेट झाली तेव्हा माय खाटेवर बसून पणतवंडांच्या ड्रॅगनच्या पुस्तकाला नावं ठेवत होती. रंग फार भडक, म्हणे, आणि एवढं दांडगं जनावर, पण त्याच्या खाण्याची सोय कुठल्याच चित्रात नाही. पुढच्याच आठवड्यात ती गेली. भरल्या घरातून, भरल्या वयात गेली, त्यामुळे रडूही धड आलं नाही. आता महिना होत आला... तिच्याबद्दल कुणाला तरी सांगावंसं मात्र फार वाटतं.

ती माझी सख्खी आई नव्हे. आई गेल्यावर वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि डोंगरकडा गावची ही सोळा-सतरा वर्षांची पोर सेनगावच्या आमच्या घरात आली. मी आठ वर्षांची, राग कायम नाकावर. सगळे म्हणत, तिला माय म्हण. मी काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळ आली की सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहायची. वाशीमच्या मामानं मला एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं. अक्षर एक कळत नव्हतं, पण चित्रं काय सुरेख... खवल्यांचे, पंखांचे, आग ओकणारे प्राणी. ते पुस्तक मी तिच्या हाती लागू देत नसे.

नागपंचमीला ते तिला सापडलंच. मी अंघोळ करून आले तर भिंतीवरच्या नागोबाशेजारी माझं पुस्तक उघडं, चित्रातल्या प्राण्याला हळदकुंकू वाहिलेलं, पुढं दूध आणि लाह्या. "पंखाचा नागोबा हाय की ह्यो," ती कौतुकानं म्हणाली. मी घर डोक्यावर घेतलं. तिला झोंबावं म्हणून मुद्दाम शेवटचं पान दाखवलं. त्यात एक घोडेस्वार नागोबाला भाल्यानं मारत होता. त्या दिवशी भाजीसुद्धा न चिरणारी बाई ती, तिचा चेहराच पडला. मग तिचं बोट कोपऱ्यातल्या खडकापाशी थांबलं. तिथून एक पिल्लू डोकावत होतं. मला ते आजवर दिसलंच नव्हतं.

"ह्याचं कोण करतंय आता?"

"कोणीच न्हाई. त्याची माय मेली," मी म्हणाले.

"मंग उपाशी असंल. कागद आण बरं एक."

गेरू, हळद आणि काजळानं तिनं पिल्लू काढलं, आमच्या उंबऱ्यात बसून लाह्या खाणारं. तिथून दर नागपंचमीला एक नवं पान. पिल्लू शिंकलं आणि कडब्याची गंजी पेटली, पिल्लानं भाकरी पळवली, शेजारणीचा मार खाल्ला. मी वाट पाहायची, की आता ही स्वतःला पंख लावून चित्रात शिरते आणि पिल्लाची माय होऊन बसते. पण नाही. पिल्लाला पोटभर खाऊ घालायची आणि पान संपवायची. त्यामुळेच ती मला आवडायला लागली. हाक मात्र तोंडातून निघेना. इतकी वर्षं न म्हटलेलं एकदम कसं म्हणायचं?

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आमच्या भागात फार लुटालूट, जाळपोळ माजली. वडिलांनी आम्हा दोघींना बैलगाडीनं निजामाच्या हद्दीपलीकडे, वाशीमला मामाकडे धाडलं. कनेरगावच्या नाक्यावर शिपायानं गाडी अडवली. पोरी पळवल्याच्या आवया उठल्या होत्या. त्यात ही इतकी तरुण, मी तिच्या खांद्याला लागलेली, आणि आमचा तोंडवळाही जुळेना. त्यानं मला खाली उतरवून विचारलं, "ये कौन लगती तेरी?" मी अडखळले असते तर गाडी माघारी फिरली असती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसता पदर घट्ट धरून बसली.

"माय हाय माझी," मी म्हणाले.

गाडी पुढं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "परत म्हन बरं." मी म्हटलं. मग डोळे पुसत ती गाडीवानाला उगाच सांगू लागली, "ऐकलं का दादा, लेक बोलून राहिली माझी."

ती हौस तिची जन्मात फिटली नाही. पुढं घरोघरी फोन आले. मी नुसतं 'हॅलो' म्हटलं की ती गप्प राहायची, 'माय' म्हटलं की मग बोलायला लागायची. परवा सवयीनं तोच नंबर लावला. पलीकडे कुणी फोन उचलला, पण बोलेना, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं... "माय."

"व्हय, बोल की," तिची धाकटी पणती म्हणाली आणि हसली. मग आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो.