ड्रॉइंगवरचं नाव

"ही हेल्पर आहे आमची. हिला काय विचारता?"

साहेब हसत म्हणाले. आमचे पंपाचे भाग घेणाऱ्या कंपनीचे दोन इंजिनिअर आले होते. त्यांतल्या एकानं मला कामाचं काही विचारलं, एवढंच. मी माझ्याच मशीनपाशी उभी होते. आयटीआय करून नऊ वर्षं ते मशीन मी चालवत होते. हेल्पर मी कधीच नव्हते. हेल्पर माझी आई होती. ह्याच कारखान्यात, लोखंड ओततात त्या फौंड्रीत, तिनं डोक्यावरून वाळूच्या पाट्या वाहिल्या. साहेबांना ते पक्कं माहीत होतं.

मी इंजिनिअरिंगची पदवी करते. नोकरी करणाऱ्यांसाठी असते ती. रविवारी वर्ग. आठवडाभर कामावर जे शिकाल ते वहीत लिहायचं. आपल्या कंपनीच्या इंजिनिअरनं तपासून सही केली तरच कॉलेज ते वर्ष धरतं. आमच्याकडं ते इंजिनिअर म्हणजे हेच साहेब.

त्या वहीत माझं एक मोठं काम होतं. पंपाच्या झाकणाचं भोक वाकडं जायचं. माल परत यायचा. सगळे मशीनला शिव्या घालायचे. मी आठ दिवस मापं घेतली. मशीन चांगलं होतं. आम्हीच झाकण इतकं आवळायचो की ते वाकायचं, आणि सोडलं की उसळायचं. मग मी ते धरायची नवी पकड काढली. तीन टेकूंची. डोकं माझं, ड्रॉइंग माझं. माल परत यायचा थांबला.

साहेबांनी ड्रॉइंग मागून नेलं. नंतर ते माझ्या मशीनमागच्या भिंतीवर चौकटीत दिसलं. खाली नाव साहेबांचं.

विचारायला गेले तर म्हणाले, "वहीतलं ते पान फाड. बाकीच्यांवर सही करतो. तुमच्या लोकांना एवढं मिळतंय तेच खूप आहे."

तुमच्या लोकांना.

आई म्हणाली, "फाड बाई. सही घे नि मोकळी हो."

मी फाडलं नाही. पण गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते.

आणि आता त्या पाहुण्या इंजिनिअरनं त्याच चौकटीवर बोट ठेवलं. "तीनच टेकू का? चार का नाहीत?"

साहेबांनी ड्रॉइंगकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळले. "सांग गं."

उत्तर जिभेवर होतं. ओतीव झाकण खडबडीत असतं. चार टेकूंवर डुगडुगतं, तीनवर बसतं.

मी म्हटलं, "ज्येचं नाव लिवलंय, त्येनंच सांगावं की. मी हेल्पर हाय न्हवं?"

आजूबाजूची मशीनं थांबली. पाहुण्यानं विचारलं, "मग ड्रॉइंग कुणाचं?"

"माजं." पिशवीतून वही काढली. पान उघडून तारखेसकट त्याच्या पुढ्यात धरलं.

साहेबांनी सही केली नाही. वर्ष गेलं. मला मशीनवरून उठवून हातानं मालाच्या कडा घासायला, कानस मारायला बसवलं. चौकटीत नाव अजून त्यांचंच आहे.

मालकांना आणि कॉलेजला मी लेखी कळवलंय. उत्तर नाही. नोकरी सोडणार नाही. कानस मारता मारता चुकतंय काय ते बघते, मापते, लिहिते. आणखी एक वर्ष जाऊ दे. दोन जाऊ देत. माझं डोकं मी कुणाच्या नावावर चढवून देणार नाही.