कावेरीचा गार डबा

वैशाखाचं ऊन दिवस उजाडायच्या आतच पत्र्यावर येऊन बसलं होतं. आदल्या सांजेला वावटळ सुटली, विजेचे खांब वाकवून गेली, आणि मागं थेंबही न टाकता नुसता उकाडा ठेवून गेली. लिंबागणेशच्या कावेरीनं गोठा झाडला, शेळ्यांपुढं शेवरीचा पाला टाकला आणि गाभण शेळीच्या पोटावर हात ठेवून बघत असतानाच कमरेला खोचलेला फोन वाजला. नेकनूरच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला वस्ती करून राहणारी भामाबाई होती.

"कावेरे, वरल्या वस्तीत मर शिरली बग. शेळ्यांच्या नाकातून शेंबूड गळायलाय, तोंडं फुटलीत. माझ्या जित्राबांना अजून काय न्हाई. पर कवर ऱ्हायचं? सुई घिऊन ये बाई, आजच ये."

"येते मावशी. शेळ्या रानात सोडू नगा, बांधून ठिवा," कावेरी म्हणाली आणि हातातला पाला तिथंच टाकून उठली.

कावेरी म्हणजे या भागातली सुईवाली. नवरा मल्लिनाथ किराणा दुकान चालवतो, सासू शांतादेवी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते, आणि ही गावोगाव फिरून शेळ्या टोचते. एका संस्थेनं बायकांना शेळ्यांची देखभाल शिकवली त्यात हिनं नाव घातलं, तेव्हा पारावरची माणसं हसली होती. बाई माणूस सुई मारणार म्हणे! मग एका पावसाळ्यात ज्यांनी टोचून घेतलं नव्हतं त्यांच्या दावणी मोकळ्या झाल्या. तेच हसणारे मान खाली घालून शेळी ओढत हिच्या दारात आले.

तिला सुईची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती उन्हाची. शेळ्यांच्या मरीची लस गारव्यातच जिवंत राहते. ऊब लागली की ती आतल्या आत मरते, पण बाटली दिसते तशीच. रंग बदलत नाही, वास येत नाही. अशी मेलेली लस टोचली तर शेळी ओरडायची तेवढीच ओरडते, मालकीण चहा पाजते, सगळे खूश होतात. रोग दारात आल्यावरच कळतं की आपण शेळीला नुसतं पाणी टोचलं होतं. म्हणून संस्थेकडं भांडून तिनं गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज मिळवला होता. त्याला ती गार डबा म्हणायची. डब्याच्या झाकणावर आत किती अंश आहे त्याचा आकडा दिसे. तो आठाच्या खाली असला की कावेरी वाटेत गप्पा मारायची. आठाकडं सरकला की तिची वाचा बसायची.

धाकटा दीर सोमेश्वर जीप चालवायचा. दोघांनी बीडला जाऊन जनावरांच्या दवाखान्यातून लसीच्या बाटल्या घेतल्या, डब्यात बर्फाच्या पिशव्यांवर रचल्या, उरलेल्या वरच्या कप्प्यात ठेवल्या, डब्याची वायर जीपला जोडली आणि मांजरसुंब्यावरून नेकनूरकडं वळले. आकडा चारावर होता. कावेरी सासूच्या गुडघ्याविषयी काहीबाही सांगत होती. नेकनूर लागलं आणि डब्यानं बारीक आवाजात टूं टूं केलं. आकडा विझला.

"भावजी! डबा बंद पडला."

"वायर ढिली झाली आसंल वैनी," म्हणत सोमेश्वरनं गाडी बाजूला घेऊन बंद केली, वायर काढून पुन्हा खोचली. काही नाही. मग चावी फिरवली तर पुढून नुसतं 'टक' झालं.

कावेरी डब्यावर वाकली. "आवो, गाडी बंद कावून केली?"

"मला काय सपान पडलंतं का ती परत चालू हुनार न्हाई म्हनून?"

नशीब एवढंच की कलीमचं दुकान हाकेच्या अंतरावर होतं. कलीम गाड्यांच्या वायरी, डायनामो, बॅटऱ्या बघायचा. बाजाराला निघालेल्या चार माणसांनी हात लावला आणि जीप ढकलत त्याच्या छपराखाली आणली.

"आधी डबा बगा कलीमभाई, गाडी मागून," कावेरी म्हणाली. "आत मरीची लस हाय. गरम झाली की सगळी वाया."

कलीमनं दुकानातली बॅटरी ओढत आणली, चिमटे लावून डब्याला जोडली. डबा जागा झाला, क्षणभर घरघरला आणि पुन्हा टूं टूं करून मेला.

"काल सांजेपासून लाईन न्हाई ना ताई. माझ्याकडच्या सगळ्या बॅटऱ्या उपाशी हायत. जीपवाल्यांनी बॅटऱ्या ठिवल्या, चार्जच झाल्या न्हाईत."

"घरात फ्रीज हाय की तुमच्या?"

"हाय. त्यात हाफिजानं कपडे ठिवले तरी चालतील सध्या."

आतून त्याची बायको हाफिजा आली. डब्याकडं बघून ती तशीच परत गेली आणि जाड वाकळ घेऊन आली. डबा सावलीत ठेवून वाकळ चहूबाजूंनी गुंडाळली. "झाकन उघडू नका भाबी. आतला गारवा आतच ऱ्हाऊ द्या."

तेच तर दुखणं होतं. बाहेरचा आकडा विझलेला. आत साधा थर्मामीटर होता, पण तो बघायचा तर झाकण उघडावं लागणार, आणि उघडलं की ऊब आत शिरणार. कावेरी डब्याजवळ उकिडवी बसली. हात दोनदा वाकळीपर्यंत गेला आणि मागं आला.

"वैनी, जरासं उघडून बगू का? बोटभर."

"हात तोडीन भावजी."

कलीमनं जीपच्या बॅटरीला मीटर लावलं, मान हलवली. "चार्जिंगच न्हाई गाडीला. बॅटरी कवाची पिऊन बसलीय तुमची. कार्बन झिजले आसनार डायनामोचे." त्यानं डायनामो उतरवला, खोलला, उजेडात धरून आतले कार्बन बघितले. ते चांगले निघाले. त्यानं ओठ चावला, डायनामो परत बसवला, पट्टा ताणला. तेवढ्यात भामाबाईचा फोन दुसऱ्यांदा आला.

"निगालीस का न्हाई? सगळ्यांच्या शेळ्या बांधून ठिवल्यात, उन्हात नुसत्या वरडायल्यात. का चहा पित बसलीस पाहुण्यागत?"

"नेकनुरात हाय मावशी. गाडीनं दगा दिला."

"गाडीनं दिला का तू?" म्हणून फोन बंद झाला.

माणसांनी पुन्हा ढकलून जीप चालू केली. इंजिन धडधडू लागलं. कलीमनं मीटर लावलं आणि चिडून पान्हा खाली टाकला. "तरी न्हाई! डायनामो बरा, पट्टा बरा, वायर बरी. मग करंट जातंय कुठं? बंद कर बे, परत बगतो."

सोमेश्वर पान्हा धरायला कलीमकडं गेला. कावेरी त्याच्या जागी, ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसली. कलीम म्हणाला, "ताई, नुसती चावी फिरवा, चालू करू नका." तिनं फिरवली. मीटरच्या काचेकडं बघत राहिली. कायम बाजूच्या सीटवर बसून तिला ती काच पाठ झाली होती.

"कलीमभाई, हितं एक लाल लायट लागायची. चावी फिरवली की लागायची, गाडी चालू झाली की इझायची. आज लागली न्हाई."

कलीम खिडकीतून वाकला. "लागत न्हाई? बल्ब उडालाय का?" त्यानं मीटरच्या मागं हात घालून चाचपलं. "बल्बच न्हाई हितं. कोनी काडला?"

सोमेश्वर एकाएकी रस्त्यावरची बस बघू लागला.

"भावजी."

"आवो वैनी, परवा चतुर्थीला बाप्पाच्या मूर्तीमागची लायट गेलती. दुकान बंद. मी म्हनलं, ही लाल लायट नुसती सुरवातीला लागून इझतीय, तिचा काय उपेग? म्हनून तिथला काडून बाप्पाला लावला. देवाचंच काम केलं की."

डॅशबोर्डवरच्या गणपतीमागं तो इवलासा बल्ब खरंच बसवलेला होता. दिव्याला बल्ब मिळाला म्हणून सोमेश्वर त्या दिवशी नारळ फोडून आला होता.

कलीम आधी हसला, मग कपाळावर हात मारला. "आरं येड्या, त्या लाल लायटातूनच डायनामोला करंटची पहिली चिमूट जाते. ती मिळाली की तो उठून कामाला लागतो. न्हाईतर झोपूनच ऱ्हातो. तुझ्या बाप्पानं तर उजेड घेतला, पर गाडीचा घास तू काडलास. आन मी बी शाना, आधी लायट न बगता डायनामो खोलत बसलो."

बल्ब काढून पुन्हा मीटरमागं बसवला. चावी फिरवली, लाल टिकली पेटली. ढकलून जीप चालू झाली, टिकली विझली, आणि कलीमच्या मीटरचा काटा वर चढला. "आता वस्ती येईपर्यंत आन परत येईपर्यंत इंजिन बंद करायचं न्हाई. देव आडवा आला तरी."

वाकळ काढली, डबा जोडला. आकडा उजळला. सहा. सोमेश्वरनं टाळी वाजवली, पण कावेरी हसली नाही. तो आकडा डब्याच्या तळाचा होता. तिनं झाकण उचललं, वरच्या कप्प्यात ठेवलेला थर्मामीटर काढला आणि पटकन झाकलं. पारा आठाची रेघ ओलांडून उभा होता.

"बर्फावरच्या बाटल्या ठीक. वरच्या कप्प्यातल्या गेल्या," ती म्हणाली.

"थोडंसंच तर चडलंय वैनी. कुनाला कळनार हाय?"

"त्येच तर वाईट हाय भावजी. कुनालाच कळनार न्हाई."

वस्तीवर पोचले तेव्हा कुंपणाच्या वाड्यात शेळ्यांचा कालवा चालला होता. जीप धडधडत ठेवून कावेरीनं सगळ्यांदेखत वरच्या बाटल्या वेगळ्या काढल्या, त्यावर कोळशानं खूण केली आणि म्हणाली, "ह्या दवाखान्यात परत द्यायच्या. आज निम्म्याच शेळ्यांना पुरंल. वरल्या वस्तीच्या बाजूला ज्यांचे वाडे हायत त्यांच्या आधी. बाकीच्यांच्या उद्या."

भामाबाईचा वाडा खालच्या अंगाला होता. म्हणजे तिच्या शेळ्या उद्यावर.

"माज्या उद्या?" भामाबाई कंबरेवर हात ठेवून पुढं आली. "फोन कुनी केला? मी. वाट कुनी बगितली? मी. आन सुई पहिली त्या छबुबाईच्या बोकडाला?"

"तिचा वाडा वरल्या वस्तीला लागून हाय मावशी. तिथं शिरली तर तुमच्याकडं यायला किती येळ लागंल?"

"आन टाकलेल्या बाटल्या? त्या टोच मला. गरम तर गरम."

"त्या टोचल्या तर तुमी निवांत झोपसाल. मला झोप येनार न्हाई."

भामाबाई तोंड फिरवून आपल्या शेळ्यांत जाऊन बसली. कावेरीनं एकेक शेळी मांडीत दाबून टोचायला सुरुवात केली. मागं जीपचं इंजिन आणि पुढं भामाबाईचं पुटपुटणं, दोन्ही एकसारखी चालू होती. तळातल्या बाटल्या रिकाम्या झाल्या तेव्हा भामाबाईचं एक करडू छबुबाईच्या वाड्याकडं बघत खोकलं. खोकलं, की धुळीनं शिंकलं? कावेरीनं त्याचं नाक पुसून बघितलं, डोळे बघितले, तोंड उघडून हिरड्या बघितल्या. काही दिसलं नाही. तरी ती तिथंच बराच वेळ वाकून राहिली.

"ह्याला आज वेगळं बांधा मावशी. पानी बी वेगळं द्या. मी उद्या दिवस उगवायला येते."

"येशील का?"

"येते."

भामाबाईनं करडू उचलून काखेत मारलं आणि ती चुलीकडं गेली.

घरी परतल्यावर शांतादेवीनं चौकशी केली, मल्लिनाथनं केली. कावेरीनं एकदोन शब्दांत सांगितलं. लाईन अजून आली नव्हती. तिनं पदर खोचला, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं आणि गरम पाणी ओतून मळायला बसली.