पाचट पेटवण्याआधीची आरोळी

आमच्या कंपनीत कुणी भुताखेताचं नाव काढलं की सगळ्यात आधी दात काढणारा मीच. चिंचोळी एमआयडीसीत सेफ्टी डिपार्टमेंटला आहे. प्रत्येक आगीला कारण असतं, असं ट्रेनिंगमध्ये मीच घसा फोडून सांगतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे... पण आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गाव मोहोळ तालुक्यात, घरचा दोन एकर ऊस. ऊस तुटून गेला की रानात पाचट, म्हणजे वाळलेला पाला, गुडघाभर पडतो. तो जाळायचा नाही, असा ग्रामपंचायतीचा बोर्ड आहे, दंडही आहे. तरी लोक पेटवतातच. पण पेटवणाराही एक रीत पाळतो – काडी लावण्याआधी चारी बांधांवरून फिरून आरोळी द्यायची, "हाय का कुणी आतऽऽ? रान पेटतंयऽऽ!" कारण बायका शेळ्यांसाठी वाडं, उसाचे हिरवे शेंडे, वेचायला आत गेलेल्या असतात.

दोन वर्षांपूर्वी मी ती आरोळी दिली नाही. सेकंड शिफ्टची घाई होती, कानात इअरफोन होते, दुपारचा वारा सुटला होता. कंपनीत दर महिन्याला मॉक ड्रिल घेणारा मी... लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! वरच्या कडेनं सरळ काडी लावली. रान उताराचं आहे, मधल्या बांधापलीकडचं दिसत नाही. आणि पलीकडे माझी आई वाडं वेचत होती.

सोलापूरच्या दवाखान्यात ती चार दिवस जगली. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा म्हणाली, "मीच लावली काडी, सायेब. पोरगं घरी जेवत हुतं." मी दारात उभा होतो. गप्प राहिलो. नंतर दोघंच असताना मी विचारलं, "आई, हाक का गं न्हाई मारलीस?"

"सुचलंच न्हाय रं," ती म्हणाली. "धुरानं त्वांडच उघडंना."

खरं सांगतो, त्या वाक्यावर मी पुढचे दिवस काढले. तिनं हाक मारली असती तर मी धावलो असतो, असं मनाला बजावत राहिलो. नाहीतर वेडा झालो असतो.

गेल्या फेब्रुवारीत सुट्टीच्या दिवशी शेजारचे भारतनाना त्यांचं रान पेटवायला निघालेले दिसले. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. मी पळतच गेलो. "नाना, जाळू नका. नियम आहे."

"आलं सायेब!" नाना हसले. "कंपनीतली शिट्टी हितं नगं वाजवू."

"मग निदान आरोळी तरी द्या."

ते बांधावर उभे राहिले आणि ओरडले, "हाय का कुणी आतऽऽ?"

आमच्या रानाच्या खालच्या अंगानं उत्तर आलं. अगदी स्पष्ट.

"आरं थांब बाळूऽऽ! मी हाय की हितं! थांब रंऽऽ!"

बाळू मी. नानांच्या हातातली काडेपेटी खाली पडली. "तुज्या आईचा आवाज हाय ह्यो," ते पुटपुटले. मी धावत सुटलो. "आलो आई, आलो!" असं मी ओरडत होतो म्हणे, मला आठवत नाही. दोघांनी आमचं रान पालथं घातलं, मग नानांचं पाचट हातांनी उचलून पाहिलं. कुणी नव्हतं. सवयीनं मी सगळं चेक केलं – मोटर बंद, रस्त्यावर माणूस नाही, आजूबाजूला स्पीकर नाही, दोघांचे मोबाईल घरी. वाराही आम्ही उभे होतो तिथून त्या खालच्या अंगाकडे वाहत होता. आवाज यायला जागाच नव्हती.

नाना माझ्याकडे वळले. "बाळू... काडी तू लावलीतीस व्हय?"

मी मान डोलावली. त्यांनी मला जवळ घेतलं. पाचट पेटवलं नाही, पुढे मशीननं बारीक करून घेतलं. आणि हे गावात कुणाला बोलले नाहीत.

तो आवाज कुठून आला, मला माहीत नाही. भास म्हणावा तर दोघांना एकच कसा झाला? पण मला एक कळलं... तिनं त्या दिवशी हाक मारली होती. माझं नाव घेऊन मारली होती. मी गाणी ऐकत होतो. आणि मरताना माझ्यासाठी ती खोटं बोलली – एकदा पोलिसांशी, एकदा माझ्याशी.

वडिलांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. ते रोज संध्याकाळी तिच्या फोटोसमोर चहाचा कप घेऊन बसतात आणि तिलाच रागावतात, "एकटीनं कशाला पेटवायला गेलीस गं, येडे? पोराला हाक मारायची की!"

मी आतल्या खोलीत बसून ऐकतो.