एक ओळ जास्तीची

उजव्या कानावरचा हेडफोन मागे सरकवायचा, डावा तसाच ठेवायचा, पडद्यावरचं चित्र थांबवायचं आणि म्हणायचं, "एक मिनिट. हा आत आला कसा? दार तर आतून बंद होतं."

नोएडाच्या त्या ऑफिसात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की अजूनही सिनेमात कुणी बंद दारातून आत आलं की माझी मान आपोआप उजवीकडे वळते. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या शेजारी बसून सिनेमा बघणं अवघड असतं. आमच्या ऑफिसातले काका त्यातले. फरक एवढाच, की त्यांना सिनेमे बघण्याचा पगार मिळायचा.

काम असं होतं. हिंदी सिनेमाच्या खाली मराठीत ओळी येतात ना, त्या आमच्याकडे कॉम्प्युटरने केलेल्या, कच्च्या यायच्या. काका त्यांचं मराठी नीट करायचे. त्यांची झालेली फाईल माझ्याकडे यायची. माणसाने तोंड उघडलं की ओळ दिसली पाहिजे आणि मिटलं की गेली पाहिजे, एवढंच मी बघायचे. मी शिकायला दिल्लीत आले होते; कॉलेज सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस तिथे जायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठे काय विचारावं आणि कुठे गप्प बसावं हे मला नीट कळत नसे. मी बहुतेक गप्पच बसायचे. काका माझ्या वाटचंही विचारून घ्यायचे.

ते सांगलीकडचे. एका छापखान्यात प्रूफरीडर होते. बायको गेल्यावर मुलीने त्यांना गाझियाबादला आणलं. मुलगी आणि जावई सकाळी ऑफिसला जायचे ते संध्याकाळीच दिसायचे. "घरी बसलो की मी दिवसभर बेल वाजायची वाट बघतो," काका एकदा म्हणाले, "आणि वाजली की कुरियरवाला असतो. तोही शेजारच्यांचा." म्हणून ही नोकरी त्यांना हवी होती. कंत्राट काही महिन्यांचं असायचं, मग नव्याने व्हायचं. होईल की नाही याची धाकधूक त्यांना दर वेळी असायची. तरीही तोंड आवरायचं नाही.

"अगं, ही खिडकीतून उडी मारते तेव्हा अनवाणी आहे. खाली पोचली तर पायात चपला."

"काका, आपल्याला फक्त मराठी बघायचंय."

"मराठीच बघतोय. ती म्हणते, पायात काटा गेला. चपलेतून?"

आणखी एका सिनेमात डॉक्टरांनी चोवीस तास दिले होते. त्यानंतर दोन गाणी आणि एक होळी झाली, पेशंट तसाच. काकांनी तेही लिहून पाठवलं. ज्यांचा सिनेमा असेल त्यांना अडचण कळवायची सोय होती. ऑफिसात तिला क्वेरी म्हणायचे, काका शंका म्हणायचे. त्यांच्या शंकांना उत्तर कधीच येत नसे. ते मात्र रोज सकाळी आल्याबरोबर बघायचे.

"छापखान्यात असंच होतं," त्यांनी मला समजावलं होतं. "लेखक चुकला असं वाटलं की समासात प्रश्नचिन्ह करायचं. आपण दुरुस्त करायचं नाही. तो अधिकार लेखकाचा."

आमच्या मॅडम दिल्लीच्याच, काकांच्या मुलीच्या वयाच्या. काका त्यांना आवडायचे, पण वरून कामाचा तगादा असायचा. "काकाजी, पिक्चर है, पुलिस केस नहीं," असं म्हणून त्या चहा पाठवून द्यायच्या.

मग ते ताईचं झालं.

एका खेड्यातल्या कुटुंबाचा सिनेमा होता. त्यातला लहान मुलगा घरातल्या एका बाईला सारखा 'ताई' म्हणायचा. काकांनी मराठीतही ताईच ठेवलं. ठेवणारच. तुम्ही आम्हीही ठेवलं असतं. अर्धा सिनेमा झाल्यावर त्यांनी हेडफोन सरकवला, पण या वेळी आवाज हळू होता. "अगं, ही त्याची सख्खी मोठी बहीण ना? मग हिचा नवरा म्हणजे याच्या वडिलांचा थोरला भाऊ कसा? पुतणीशी लग्न? आणि घरात कुणालाच काही वाटत नाही?"

मलाही ते पटलं. दिल्लीत येऊन मला वर्षच झालं होतं. काकांनी चांगली लांबलचक शंका लिहिली. 'समाजावर होणारे परिणाम' असे शब्दसुद्धा त्यात होते.

या शंकेला मात्र उत्तर आलं. एकच ओळ होती: इकडे ताऊच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या बायकोला ताई म्हणतात.

ऑफिसभर हशा झाला. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "काकाजी, आपकी ताई बहन, हमारी ताई चाची से भी बड़ी!" काका स्वतःही हसले. "म्हणजे मोठी काकू! मग सरळ मोठी काकू म्हणा की. बिचाऱ्या बाईची उगाच बदनामी." सिनेमाभरातल्या सगळ्या ताई त्यांनी एकट्याने बदलल्या. मदत करू का विचारलं तर नको म्हणाले.

पण ते प्रकरण वरपर्यंत गेलं होतं. मॅडमनी त्यांना बोलावलं. मी फाईल द्यायला तिथेच उभी होते. पुढचा सिनेमा वेळेत द्यायचा आणि एकही क्वेरी पाठवायची नाही, तरच कंत्राट पुढे चालू राहील, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्या खालीच बघत होत्या.

"बिल्कुल," काका म्हणाले. "मुँह को ताला."

पुढच्या सिनेमात सुरुवातीलाच एक मुलगा आपल्या म्हाताऱ्या आईला रेल्वे फलाटावरच्या बाकावर बसवतो. 'अभी आया, अम्मा,' म्हणतो आणि तिकीट काढायला जातो. तिथे त्याला गुंड भेटतात, मारामारी होते, पुढे नायिका भेटते, शहर बदलतं. शेवटी लग्न होतं. अम्माचं नाव पुन्हा कुणी काढत नाही.

काकांनी हेडफोन सरकवला नाही. चित्र मात्र थांबवलं. मी वाट बघितली. त्यांनी चित्र पुन्हा चालू केलं.

संध्याकाळी आम्ही एकाच मेट्रोने निघायचो. मी मयूर विहारला उतरायचे, ते यमुना बँकला गाडी बदलून वैशालीकडे जायचे. त्या दिवशी जागा मिळाली तरी ते उभेच राहिले. मीच म्हणाले, "काका, कापला असेल तो सीन. लांबी जास्त झाली असेल."

"असेल," ते म्हणाले.

फाईल वेळेत आली. शंका एकही नाही. मॅडम खूश झाल्या आणि कंत्राटाचं बघते म्हणाल्या. मी ओळी जुळवत जुळवत शेवटच्या लग्नापर्यंत पोचले. तिथे नायक मांडवाच्या कडेला, आपल्याकडे पाठ करून फोनवर बोलतो. बँड वाजत असतो, त्यामुळे तो काय बोलतो ते ऐकू येत नाही. ऐकू येत नाही ते लिहायचं नाही, असा आमचा नियम. तिथे मराठीत एक ओळ होती:

'हो, आईला घेऊनच निघालोय.'

मी आवाज वाढवून पुन्हा पुन्हा ऐकलं. नुसता बँड.

"काका, हे तुम्हाला ऐकू आलं?"

"तुला नाही आलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी ती ओळ नायकाच्या खांद्यांच्या हालचालीला जुळवून दिली.

आठवड्याभरात वरून विचारणा आली. मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं, पण प्रश्न काकांनाच होता.

"काकाजी, ये किसने बोला?"

काका खुर्ची ओढून बसले.

"देखिए, बोल दीजिए सुनने में गलती हो गई. ताई की तरह. मैं संभाल लूँगी, यार, इतनी-सी बात है."

एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. मॅडमना भागवायचंच होतं. मला वाटलं, आता हे मान हलवतील.

"नहीं मॅडम," काका म्हणाले. "ताई गलती थी. ये गलती नहीं है."

"तो क्या है?"

त्यांचं हिंदी बोलणं तसं बेताचंच होतं. "वो औरत वहाँ बैठी है, मॅडम. सब लोग शादी में खाना खा रहे हैं, और वो वहाँ बैठी है."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

ओळ काढून टाकली गेली. महिनाअखेरीला कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. शेवटच्या दिवशी मेट्रोत मी विचारलं, "चूक झाली म्हणाला असतात तर?"

"मग नोकरी राहिली असती," ते म्हणाले. मग म्हणाले, "उतर आता, तुझं स्टेशन आलं."

पुढे काही दिवस त्या खुर्चीवर कुणी नव्हतं. मग एक मुलगा आला, भराभर काम करणारा. काका मुलीबरोबर बंगळूरला गेल्याचं मॅडमकडून कळलं.

दिवाळीत मी घरी गेले, तेव्हा तो सिनेमा मोबाईलवर आला होता. आईला हिंदी फारसं कळत नाही. अक्षरं लागतात, पण ती वाचेपर्यंत ओळ निघून जाते. म्हणून मी तिला मोठ्याने वाचून दाखवते. ती मेथी निवडत ऐकत होती. अम्मा बाकावर बसली तेव्हा तिने मान वर केली होती, मग मारामारी बघताना पुन्हा खाली घातली.

लग्न आलं. नायक पाठ करून फोनवर बोलू लागला. खाली काहीच नव्हतं.

"काय म्हणला गं तो?" आईने विचारलं.

मी मोबाईलकडे बघूनच वाचलं, "हो, आईला घेऊनच निघालोय."

"मग बरं," आई म्हणाली, आणि तिने पुढची जुडी सोडली.