नाईक वाठोरेची राहिलेली नववी

आमची पोस्ट ईशान्येकडच्या एका डोंगराच्या सोंडेवर होती. खाली सडक, सडकेपासून पोस्टपर्यंत पायवाट आणि वाटेच्या मध्यावर झरा. गाडी वर चढत नव्हती. रेशन, डाक, रॉकेल, सगळं पाठीवरून न्यायचं. ज्या वर्षी उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला, त्या वर्षीची ही हकीकत आहे.

मी जळकोटकडचा, बौद्ध वस्तीतला. वडील रोजंदारीवर जायचे आणि संध्याकाळी विहारासमोर बसून चळवळीची पत्रकं मोठ्यानं वाचायचे. त्या पत्रकांवर मी वाढलो. त्यामुळे काही गोष्टी मला हळू आवाजात सांगता येत नाहीत. फौज सोडल्यावर शाळांतून बोलावणं येतं. भाषण झालं की मागच्या बाकावरचा एखादा मुलगा उठतो आणि विचारतो, दहावी सोडून भरतीला गेलं तर चालेल का? हे त्या मुलासाठी लिहितो आहे.

माझा सेक्शन कमांडर, म्हणजे दहा जवानांच्या तुकडीचा प्रमुख, नाईक किशन वाठोरे. गाव हदगावच्या पुढे, नांदेड जिल्हा; माझ्यासारखाच बौद्ध वस्तीतला. मोठ्या दुष्काळात त्याची नववी सुटली. शाळा बंद पडली नव्हती. घरात खायला नव्हतं, म्हणून तो दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. पाऊस आला तेव्हा वर्गातली मुलं पुढे गेली होती आणि त्याच्या हाताला घट्टे पडले होते. वय बसलं तसा तो भरती झाला. माणूस पक्का होता. नेम चांगला, चाल चांगली, जवानांना शिवी न देता कामाला लावणारा. पण हवालदार व्हायला फौजेची शिक्षणाची परीक्षा लागते. त्यात तो दोनदा बसला होता, दोन्ही वेळा भागाकारात अडकला. मी मॅट्रिक होतो. दुपारी बंकरच्या तोंडाशी बसून मी त्याला गणित शिकवायचो.

"वाठोरे नाईक, हातचा विसरलात."

"तू गप रे लातूर. तुमचा जिल्हा अजून रांगून राहिला आन मला हातचा शिकवतो."

"रांगतो तर रांगतो. भागाकार येतो त्याला."

तो हसायचा, पाटी पुसायचा आणि पुन्हा मांडायचा. एकदा पुसता पुसता म्हणाला, "दुष्काळात विहिरीचं पाणी गेलं, ते आलं परत. नववी न्हाई आली."

त्याची एक सवय होती. झऱ्यावर सॅपर्सनी, म्हणजे फौजेच्या बांधकाम करणाऱ्या जवानांनी, सिमेंटची छोटी टाकी बांधली होती. टाकीला लोखंडी पाइप, त्यातून रात्रंदिवस पाणी वाहायचं. वाठोरेला ते बघवत नव्हतं. त्यानं लाकडाची खुंटी तासली, तिला चिंधी गुंडाळली आणि दोरीनं पाइपला बांधून ठेवली. झऱ्यावरून जाताना पाइप उघडा दिसला की हा वाकायचा, खुंटी ठोकायचा आणि मगच पुढे चालायचा.

आमच्यातला शिपाई गावडे सावंतवाडीकडचा. त्याच्या गावाला पाणी अंगणातून वाहतं. तो हसून लोळायचा.

"अहो नाईक, झरो तो, नळ न्हय! तुम्ही बंद केलात तरी टाकी भरून वरसून व्हावतांच मा?"

"वरून वाहिलेलं माझ्या डोळ्याला दिसत न्हाई. हे दिसतं."

"म्हंजे पाणी वाचणा नाय, नुसते डोळे वाचतत!"

"हाव. डोळेच वाचवतो. तुला काय कळणार, कोकण्या? माझ्या मायनं टँकरखाली पदर धरून सांडलेलं पाणी पिळून घेतलंय."

 पोस्ट सांभाळणाऱ्या सुभेदार साहेबांना मात्र ही सवय खपत नव्हती. पोस्टचा कायदा होता की रोज एका वाटेनं जायचं नाही, एका वेळी जायचं नाही, एका जागी थांबायचं नाही. समोरच्या डोंगरातून बंडखोर टोळीवाले आमच्यावर नजर ठेवून असत. साहेबांनी त्याला सर्वांसमोर सुनावलं.

"वाठोरे, जिथे रोज वाकतोस तिथे एक दिवस पडशील. बंद कर हे."

"जी साहेब."

चार दिवस त्यानं हात आवरला. मग पुन्हा सुरू झालं. बाकी सगळे हुकूम तो पाळायचा. हा एक त्याच्या हातांना पाळता येत नव्हता.

मग गावाकडून डाक आली. धाकटा भाऊ उत्तम दहावीत होता. त्यानं वर्गात जाणं सोडलं होतं आणि मामाच्या सांगण्यावरून भरतीसाठी पहाटे धावायला लागला होता. वाठोरे त्या दिवशी जेवला नाही. सुभेदार साहेबांकडे रजा मागायला गेला तेव्हा मी बाहेर उभा होतो.

"भाऊ फौजेत येतोय आणि तू रडतोस?"

"येऊ द्या साहेब. दहावी करून येऊ द्या. माझ्यासारखा मधून उठून नको."

"चिठ्ठी लिही त्याला."

"चिठ्ठीनं ऐकणारा न्हाई. समोर उभं राहून दोन ठेवून द्याव्या लागतील."

साहेबांनी रजा दिली. पुढच्या रेशन गाडीनं त्यानं निघायचं ठरलं.

त्या सकाळी धुकं लवकर उठलं. वाठोरे, गावडे, मी आणि आणखी दोघे सडकेकडे उतरत होतो. वाठोरेची ट्रंक गावडेनं डोक्यावर घेतली होती आणि वाटभर कुरकुर चालली होती, "ह्येच्यात काय भरलास, नांदेडचो किल्लो?" झऱ्याजवळ आलो. पाइप उघडा होता, पाणी वाहत होतं, खुंटी दोरीला लटकत होती.

"कोणी उघडा ठेवला रे?" वाठोरे म्हणाला. मी त्याच्या मागे दहा-बारा पावलांवर होतो. मी "नाईक, गाडी येईल" म्हणेपर्यंत तो वाकला होता. त्यानं खुंटी ओढली.

दोरीला तार जोडलेली होती, तारेला ग्रेनेड.

मी मातीत फेकला गेलो. कानात नुसती शिट्टी वाजत होती. टाकीची भिंत फुटून पाणी वाटेवर आलं होतं आणि ते लाल होतं. वाठोरे उताणा पडला होता. दोन्ही हात मनगटापासून नव्हते. पोट उघडं होतं. मी फील्ड ड्रेसिंगचं, जखमेवर बांधायच्या पट्टीचं पाकीट दातानं फाडलं. लावायला जागा नव्हती. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि संपला.

तेवढ्यात समोरच्या बांबूतून फायर सुरू झाला. गावडे ट्रंक टाकून खाली बसत होता, तसाच बसलेला राहिला. गोळी गळ्यातून गेली होती. त्यानं दोन्ही हातांनी गळा दाबून धरला, बोटांतून रक्ताच्या पिचकाऱ्या उडत होत्या, आणि तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, नाही नाही म्हणाल्यासारखी. रेडिओ उरलेल्या दोघांपैकी एकाकडे होता. तो दगडाआडून ओरडत होता.

"अल्फा टू, कॉन्टॅक्ट. झऱ्यावर कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"अल्फा टू, किती कॅज्युअल्टी? ओव्हर."

"दोन. दोन. लवकर या. ओव्हर."

दुसऱ्यानं एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, लावली. त्याच्या फायरच्या आडोशानं मी झऱ्याच्या ओढ्यातून डावीकडे सरकलो. मांडीत गोळी लागली ती तेव्हाच. आधी कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, मग पाय माझा राहिला नाही. मी खुरडत वर चढलो. बांबूत तीन माणसं होती. दोघं पळाली. तिसऱ्याची बंदूक अडकली होती आणि तो ती झटकत होता. मी एसएलआर रायफलच्या तीन गोळ्या त्याच्या छातीत घातल्या. अंतर इतकं कमी होतं की त्याच्या कपड्यातून धूर निघाला. तो बसला. मी चौथी घालायला रायफल उचलली आणि माझ्या लक्षात आलं.

तो मुलगा होता. मिसरूड फुटायची होती. अंगात निळा स्वेटर, छातीवर शाळेचा शिवलेला बिल्ला. माझी एक गोळी त्या बिल्ल्यातून गेली होती. तो काहीतरी बोलला. मला ती भाषा येत नव्हती. तो पुन्हा तेच बोलला. मग तोंडातून रक्ताचा फेस आला आणि तो एका बाजूला कलंडला.

वरून मदत पोहोचली तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो होतो. रायफल माझ्या हातातून काढून घ्यावी लागली, असं नंतर मला जवानांनी सांगितलं.

मांडीचं हाड फुटलं होतं. हॉस्पिटलात महिने गेले, आणि मग मेडिकल बोर्डानं मला घरी पाठवलं. घरी टेकलो आणि आठवड्यात काठी घेऊन हदगावची एसटी धरली. पुढचं गाव बैलगाडीनं गाठलं.

वाठोरेच्या घरी माय होती, मामा होता आणि उत्तम. उत्तम दारात उभा होता, अनवाणी, पायांवर धावून धावून आलेली धूळ. नांदेडची भरती चार दिवसांवर होती. मी काय बोलायला आलो ते सांगितलं: वाठोरेला उत्तमची दहावी आधी हवी होती, भरती नंतर. मामा उसळला.

"तुम्ही शहाणपण शिकवू नगा. भाऊ गेला म्हणून पोराला लवकर घेतेत. शिकून कोन्ता कलेक्टर होणार हाय हा?"

"नको होऊ दे कलेक्टर. दहावी होऊ दे."

"तुम्ही मॅट्रिक झालात. काय झालं? लंगडत आलाव न्हवं?"

मी गरम झालो. म्हणालो, "मामा, पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला शाळेच्या दाराबाहेर बसवलं. आता दार उघडलंय आणि तुम्ही पोराला हाताला धरून बाहेर ओढता? जे काम गावानं केलं ते तुम्ही करून राहिलात!" मामानं माझ्या छातीला धक्का दिला. फुटलेला पाय टिकला नाही, मी उंबऱ्यावर आपटलो. तोंडात रक्त आलं. उत्तमनं धावत येऊन मला काखेत धरून उठवलं. ताकद होती त्याच्यात. भरतीत पहिल्या फेरीत निवडला गेला असता.

"मामाचं सोडा," तो माझ्या कानाशी म्हणाला. "मला नोकरीसाठी जायाचं न्हाई. दादाला ज्यानं मारलं त्याला मला मारायचं हाय."

"त्याला मी मारलं."



"तुमी? कसा व्हता?"

"तुझ्याएवढा. शाळेचा स्वेटर होता अंगात. तोही मधूनच उठून आला होता."

उत्तमचा हात माझ्या दंडावर होता तो सैल पडला. त्यानं विचारलं, "कितवीत व्हता?"

"ठाऊक नाही."

माय चुलीजवळ बसली होती. ती उठली आणि मामासमोर उभी राहिली.

"किसनला म्याच काढलं शाळंतून. ह्या हातानं दप्तर ठिवलं आन टोपलं दिलं. तवा पोटाला नव्हतं. आता हाय. दोन घास कमी असतील, पर हाय. ह्याला न्हाई काढणार."

"आगं बाई, पर..." मामा म्हणाला.

"न्हाई म्हनलं न्हवं, दादा? मंग न्हाई."

मामा टोपी घेऊन निघून गेला. उत्तम मागच्या दारी जाऊन बसला. दुसऱ्या सकाळी मी निघालो तेव्हा तो धावायला गेला नव्हता. तो हदगावला हेडमास्तरांपुढे उभा होता आणि हेडमास्तर त्याला आत घ्यायला का कू करत होते, असं मला एसटी स्टँडवर कळलं. मी काठी टेकत तिकडे गेलो. तिथे काय बोललो ते छापण्यासारखं नाही. त्याला आत घेतलं.

उत्तम दहावी झाला. पहिल्या खेपेला गणित राहिलं, दुसऱ्या खेपेला सुटलं. पुढे तो काय झाला, हे शाळांतली मुलं मला हमखास विचारतात. साहेब झाला का, मास्तर झाला का. मी सांगत नाही. तो कोणी मोठा झाला असेल तरच त्याची दहावी खरी, असा हिशेब मला मान्य नाही. फौज चांगली आहे. मी तिचं मीठ खाल्लं आहे आणि तिला नाव ठेवत नाही. पण अठराव्या वर्षी शिकून जा. सोळाव्या वर्षी उठून जाऊ नका. बंदूक कोणाच्याही हातात बसते. सोळाव्या वर्षाच्या हातात तर ती फार लवकर बसते, आणि ते मी समोरून पाहिलं आहे.

आमच्या विहारात वर्षातून एकदा मी उभा राहतो आणि त्या सकाळी गेलेल्यांची नावं घेतो. नाईक किशन वाठोरे, हदगाव. शिपाई गावडे, सावंतवाडी. मग मी गप्प उभा राहतो. लोकांना वाटतं, संपलं. कोणी बसायला लागतो, कोणी चपला शोधतो. मी मात्र हललेलो नसतो, कारण निळ्या स्वेटरातल्या तिसऱ्याचं नाव मला माहीत नाही.